‘नाव मिळत नाही’ म्हणायच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या मावशीला एका पतसंस्थेच्या काउंटरवरून परत पाठवलं, कारण काय तर कॉम्प्युटरला तुमचं नाव मिळत नाही. वीस वर्षं पैसे भरलेली बाई, पासबुक हातात, आणि नाव मिळत नाही! संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाहीये. मी कॉम्प्युटर क्लासला शिकवतो म्हणून घरच्यांनी मलाच धरलं, मग जाऊन बघितलो (आम्ही बेळगावकडं ‘बघितलो’च म्हणतो, कृपया दुरुस्त करू नका) आणि ऑपरेटर माझाच जुना विद्यार्थी निघाला, त्यामुळं स्क्रीन बघायला मिळाली.

झालं होतं असं की दोन याद्या होत्या, जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेली एक आणि ओळखपत्रावरून आलेली दुसरी, नावं इंग्रजीत, पत्ता मराठीत. प्रोग्राम एका ॲरेमधलं (ॲरे म्हणजे प्रोग्राममधली ओळीनं मांडलेली यादी) नाव घ्यायचा आणि दुसऱ्या ॲरेमध्ये अगदी तसंच आहे का बघायचा. आता मावशीचं नाव ज्योती. मराठी शाळेतला माणूस शेवटी नुसता टी-आय लिहिणार, कन्नड वळणानं लिहिणारा टी-एच-आय. मारुती, सविता, सगळ्यांचं तेच. मशीनला त्या एका एचमुळं दोन बायका दिसतात.

शहराचंच घ्या ना, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी, आम्ही लिहिणार बेळगाव, वादात आत्ता पडत नाही पण प्रोग्रामच्या दृष्टीनं ती दोन वेगळी गावं. त्याला आधी सांगावं लागतं की बाबा ही दोन्ही एकच धर.

मराठीत तर अजून गंमत. आपला ‘ॲरे’ हाच शब्द बघा, एकानं ॲ हे एकच अक्षर घेतलं आणि दुसऱ्यानं अ टाइप करून वर चंद्र लावला, म्हणजे अॅरे, डोळ्याला फरक नाही पण आतले युनिकोडचे आकडे (मशीन अक्षर ज्या नंबरानं ओळखते ते) वेगळे. कुऱ्हाडे आडनावातला ऱ्हा पण तसाच, कोणी ऱ वापरतो तर कोणी र ला हलंत देऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पोरं म्हणतात सर, वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं एकच अक्षर सारखं करून देणारं नॉर्मलाइझ फंक्शन आहे की, पण ही दोन्ही उदाहरणं नॉर्मलाइझ करूनही एक होत नाहीत, मी करून बघितलोय. ती बदलून घ्यायची ओळ आपणच लिहावी लागते. त्यात नावाच्या शेवटी राहिलेली स्पेस. ती ट्रिम केली, म्हणजे कापून टाकली, की जाते, पण करायची आठवण कोणाला?

दुसरं टोक पण वाईट. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘आत आहे का’ बघणारी इन्क्लूड्स नावाची फंक्शन दोन आहेत, ॲरेवर लावली तर आख्खं नाव जुळावं लागतं, स्ट्रिंगवर, म्हणजे सलग मजकुरावर, लावली तर तुकडा सापडला तरी हो म्हणते. इथं पत्त्याला स्ट्रिंगवाली लावलेली, त्यामुळं नुसतं ‘कंगराळी’ शोधलं की कंगराळी बुद्रुक आणि कंगराळी खुर्द दोन्हीकडचे लोक एकाच ढिगात. दोन्हीकडच्यांना विचारा चालेल का ते!

वेगाचं म्हणाल तर चारशे नावं चारशेंशी एकेक करून ताडली तरी 1,60,000 तुलना होतात, आजच्या मशीनला ते काहीच नाही. तरी क्लासमध्ये सगळे वेगावरच भांडतात, लूप (एकेक करून फिरत बघणं) नको सेट वापरा म्हणतात. सेट चांगलाच आहे, शोधायला पटकन होतं, पण सेट सारखी नावं एकदाच ठेवतो, आणि एका गल्लीत दोन सुनीता पाटील असल्या की त्यातली एक गायबच होते. नावाबरोबर खाते नंबर पण जोडून ताडला असता तर दोघी राहिल्या असत्या.

कोण म्हणेल मग जवळपासची नावं जुळवून टाका. तेही करता येतं, किती अक्षरं घातली, काढली किंवा बदलली की एक नाव दुसरं होतं ते मोजायची लेव्हेनश्टाइनची पद्धत 1965 पासून आहे. ज्योतीच्या दोन स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचं अंतर येतं. पण गीता आणि नीता यांच्यातही एकच! म्हणून असली नावं मशीननं आपोआप जुळवून टाकू नयेत, बाजूला काढून दाखवावीत, आणि गल्ली ओळखणाऱ्या माणसानं बघून हो-नाही करावं.

आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसलो. प्रोग्रामनं 61 नावं जुळत नाहीत म्हणून काढलेली, दुपारपर्यंत खरी न जुळणारी चार राहिली. मावशी त्या चारात नव्हती.

आपल्या पेपराचे वाचक खानापूर, निपाणी, चिकोडीकडं पण आहेत आणि त्यातली किती तरी पोरं अशाच याद्यांवर काम करतात, त्यांनी एवढं करावं की स्क्रीनवर ‘नाव नाही’ असं न येता ‘जुळलं नाही, पासबुक बघा’ असं यावं. ती ओळ बदलायला आम्हाला दोन मिनिटं पण लागली नाहीत.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव