पाया खणण्याआधी करार दाखवा: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: व्यावसायिक फुटबॉलसाठी सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या स्टेडियमचे वापरकरार बांधकामाआधी करून जाहीर करण्याबाबत.

महोदय,

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात गेल्या काही वर्षांत चार व्यावसायिक फुटबॉल क्लब खेळून गेले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. यांपैकी एकही आज तिथे नाही. भारत एफसी आय-लीगच्या एका हंगामापुरता होता. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामापासून खेळला, २०१९ मध्ये बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. २०२५ मध्ये हैदराबादचा संघही दिल्लीला हलला. त्याआधी २०१९ मध्येच दिल्लीचा डायनामोज संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी ९६१ कोटी रुपये खर्च झाले होते, तरी संघ तिथे थांबला नाही.

बालेवाडीचे संकुल क्लबांसाठी बांधलेले नव्हते. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभे राहिले, म्हणून चार क्लब गेले तरी ते ओस पडले नाही. केवळ एका फुटबॉल संघाच्या भरवशावर बांधलेल्या स्टेडियमला हा आधार नसेल. सिडकोच्या खारघर येथील फुटबॉल केंद्राच्या आराखड्यात चाळीस हजार आसनांचे स्टेडियम धरले आहे, त्यामुळे हा प्रश्न आज विचारणे आम्हाला गरजेचे वाटते. सरावाची मैदाने व्हावीत, जितकी होतील तितकी व्हावीत. आमचे म्हणणे स्टेडियमपुरते आहे. खारघरपासून जवळच नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ च्या मुलींच्या फिफा विश्वचषक स्पर्धेचे सामने तिथे झाले. दुसऱ्या मोठ्या स्टेडियममध्ये वर्षभर कोण खेळणार, याचे उत्तर नकाशात नसते. ते करारात असावे लागते.

सिडकोचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येत नाही, म्हणून तो करदात्यांचा नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. तो भूखंड विकून आलेला पैसा आहे, आणि ते भूखंड सार्वजनिक आहेत. स्टेडियमखाली गेलेल्या जमिनीची किंमत सहसा प्रकल्पखर्चात धरलीच जात नाही. ती प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच बाजारभावाने दाखवली पाहिजे.

आता हिशेब मांडतो. बांधकामावरचे दर १०० कोटी रुपये साडेसात टक्के व्याजाने ३० वर्षांत फेडायचे धरले, तर वर्षाचा हप्ता सुमारे ८ कोटी ४७ लाख येतो. देखभाल-दुरुस्तीला बांधकामखर्चाच्या दोन टक्के, म्हणजे आणखी दोन कोटी. एकूण साधारण साडेदहा कोटी. आयएसएलच्या २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघाला घरच्या मैदानावर १२ सामने मिळाले. म्हणजे एका सामन्याला ८७ लाख. दहा हजार प्रेक्षक आले तर माणशी ८७० रुपये. हे दर १०० कोटींमागे. स्टेडियम ५०० कोटींचे असेल तर हाच आकडा एका प्रेक्षकामागे, एका सामन्याला, चार हजार तीनशेच्या पुढे जातो, आणि आपल्याकडे साधे तिकीट काही शे रुपयांचे असते. पैसा कर्जाने न उभारता थेट अंदाजपत्रकातून दिला तरी हिशेब बदलत नाही, कारण तो दुसरीकडे वापरता आला असता.

हे १२ सामनेही पक्के नाहीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार १५ वर्षांसाठी केला होता, वर्षाला ५० कोटींच्या हमीवर. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. हंगाम लांबत लांबत फेब्रुवारी २०२६ वर गेला आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने आले, तेही घरचे आणि बाहेरचे मिळून. घरच्या सहा सामन्यांवर वरचा हिशेब बसवला तर ८७ लाखांचे पावणेदोन कोटी होतात. याच काळात मँचेस्टर सिटीची मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतले. देशातल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एकाची ही गत असेल, तर तीस वर्षांचे भाडे कोण भरणार याची लेखी हमी मागणे म्हणजे फुटबॉलला विरोध करणे नव्हे.

करार ढिला राहिला की काय होते, ते लंडन स्टेडियममध्ये तपशीलवार पाहता येते. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले हे स्टेडियम वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबला ९९ वर्षांसाठी दिले गेले. क्लबने फुटबॉलसाठीच्या रूपांतराला एकरकमी दीड कोटी पौंड द्यायचे आणि वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाडे, तेही संघ खालच्या श्रेणीत घसरला तर निम्मे. करार बराच काळ गुप्त होता. माहिती अधिकाराचा लढा झाल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तो उघड झाला, तेव्हा कळले की सुरक्षा, प्रेक्षकांना मार्ग दाखवणारे कर्मचारी, मैदानाची निगा, साफसफाई, इतकेच काय गोलपोस्ट आणि कोपऱ्यांतले झेंडे यांचा खर्चही मालकाकडे, म्हणजे जनतेकडे होता. सामन्यांमागून सामने होत राहिले तरी मालकाचा तोटा वाढतच जाईल अशीच ती रचना होती. रूपांतराचा खर्च १९ कोटी पौंडांवरून ३२ कोटी ३० लाखांवर गेला. या व्यवहारात भागीदार असलेली न्यूहॅम ही स्थानिक नगरपालिका २०१७ च्या अखेरीस बाहेर पडली, तेव्हा तिने दिलेले चार कोटी पौंडांचे कर्ज बुडाले होते.

त्यातही खुर्च्यांचा प्रश्न आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. धावपट्टी आणि फुटबॉल एकाच मैदानात बसवायचे, म्हणून खालच्या रांगा पुढे-मागे सरकवण्याची सोय ठरली. त्याला वर्षाला तीन लाख पौंड लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात खर्च ८० लाखांच्या पुढे गेला. कारण रांगा यंत्राने सरकणाऱ्या नव्हत्या. त्या सुट्या करून, उचलून, पुन्हा जोडाव्या लागत, आणि या कामाला दिवस लागत. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक संकुलात ४०० मीटरच्या धावपट्टीच्या आत फुटबॉलचे मैदान आखले जाते. धावपट्टीमुळे प्रेक्षक गोलपासून लांब बसतो, क्लबला तिकिटे विकणे जड जाते, आणि भालाफेक-हातोडाफेकीने गवताची चाळण होते. दोन्ही खेळांना एकाच ठिकाणी बसवण्याचा हट्ट सोडून, धावपट्टी एकीकडे आणि साधे फुटबॉल मैदान दुसरीकडे असे केले, तर दोन्ही मिळून बहुधा स्वस्त पडेल. निदान हा पर्याय प्रकल्प अहवालात आकड्यांसह मांडलेला असावा.

मैदानाच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच नीट धरली जाते. १०५ बाय ६८ मीटरचे मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. कडेची पट्टी धरून साधारण साडेआठ हजार. उन्हाच्या दिवसांत दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर रोज सुमारे ४२ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. उन्हाळ्यात गावागावांत टँकर फिरत असताना हे पाणी पिण्याच्या साठ्यातून देता येणार नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जोडणी पहिल्याच दिवशी हवी, नंतर नळ टाकणे महाग पडते. गवताखाली सुमारे ३० सेंटिमीटर धुतलेल्या वाळूचा थर, त्याखाली खडी आणि तिच्यात छिद्रे असलेल्या निचऱ्याच्या नळ्या लागतात. कंत्राटदार वाळूत गाळाची माती राहू देतो किंवा वरून काळी-लाल माती पसरतो, आणि दोन पावसाळ्यांत निचरा बंद पडतो. मग मैदान खणावे लागते आणि ‘सुप्रमा’ची (सुधारित प्रशासकीय मान्यतेची) फाइल फिरू लागते. वाळूची चाळणी चाचणी आणि पाणी मुरण्याच्या वेगाची चाचणी झाल्याशिवाय त्या टप्प्याचे देयक अदा होऊ नये, एवढी एक अट पुष्कळ पैसे वाचवील. याशिवाय नैसर्गिक गवत आठवड्याला मोजकेच तास खेळ सोसते. त्यावर मैफली आणि सभा भरवून ‘उत्पन्न’ दाखवले, तर पुढच्या महिन्यात गवत नव्याने लावण्याचा खर्च त्याच उत्पन्नातून वजा करून दाखवला पाहिजे.

प्रकाशझोतांचेही तसेच आहे. दिवे महिन्यातून दोनदा लागले तरी उच्चदाब जोडणीवर मंजूर मागणीनुसार मागणी आकार दर महिन्याला भरावा लागतो. हंगाम नसतानाही बिल येतेच, आणि ते क्लबने भरायचे की मालकाने, हे आपल्याकडच्या वापरपरवान्यांत अनेकदा लिहिलेलेच नसते.

क्लबला बांधून ठेवण्यासाठी सवलती वाढवणे हा उपाय अमेरिकेत करून झाला आहे. सेंट लुइसने १९९५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या रॅम्स संघासाठी बंदिस्त स्टेडियम उभारले. राज्य, शहर आणि कौंटी मिळून वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर कर्जफेडीला देत होते. करारात कलम होते की स्टेडियम ठराविक वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पाव हिश्शात असले पाहिजे. नसल्यास क्लबला दीर्घ करारातून मोकळीक. दर काही वर्षांनी नवे स्टेडियम कुठे ना कुठे होतेच, त्यामुळे ही अट पाळणे जवळपास अशक्य होते. रॅम्स २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेले, तेव्हा कर्ज अजून फिटायचे होते. २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ती स्टेडियमच्या करारामुळे मिळाली नाही. लीगचे स्वतःचे स्थलांतराचे नियम मोडले, या मुद्द्यावर वर्षानुवर्षे कोर्टात भांडल्यावर ती मिळाली.

म्हणून, महोदय, आमची पहिली आणि मुख्य मागणी क्रमाची आहे. कार्यारंभ आदेश निघण्याआधी क्लबशी वापरकरार नोंदणीकृत झालेला असावा. त्यात कर्जफेडीच्या मुदतीइतका कालावधी असावा आणि क्लबने शहर सोडले, संघ विकून हलवला किंवा बंद केला तर शिल्लक मुद्दलाचा ठरलेला हिस्सा भरण्याची बँक हमी असावी. क्लब चालवणारी कंपनी बहुधा केवळ त्याच कामासाठी काढलेली असते आणि तिच्या नावावर फारसे काही नसते, म्हणून हमी मूळ उद्योगसमूहाकडून घ्यावी. भाड्याचा एक भाग स्थिर असावा आणि दुसरा तिकिटे, खाद्यविक्री, वाहनतळ व नामकरण हक्क यांच्या उत्पन्नातून यावा. नामकरणाचा हक्क सरकारने फुकट सोडू नये. खर्चाच्या जबाबदारीची अनुसूची गोलपोस्टपर्यंत उतरलेली असावी. लंडनने ती लिहिली होती, फक्त उलट्या बाजूने. आणि वर्षातले किमान ठरलेले दिवस जिल्हा संघटना, शाळा आणि महिला संघांसाठी राखलेले असावेत, उरलेल्या तारखांतून नव्हे, तर आधी आखून.

दुसरी मागणी करार जाहीर करण्याची. असे करार मागितले की माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) मधल्या व्यापारी गुप्ततेकडे बोट दाखवले जाते. पण त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आहे, आणि कलम ४ नुसार अनेक बाबी कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत. जो क्लब सार्वजनिक जमिनीवर खेळणार, त्याच्या भाड्याचा आकडा गुप्त ठेवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. मसुदा साठ दिवस हरकतींसाठी विभागाच्या संकेतस्थळावर ठेवावा आणि स्टेडियमचा जमाखर्च दरवर्षी स्वतंत्र खात्यात दाखवावा, संकुलाच्या एकूण खर्चात मिसळून नव्हे.

आसनसंख्येबद्दल एवढेच, की दहा-बारा हजारांपासून सुरुवात करावी आणि पुढच्या बाजू वाढवता येतील असा पाया ठेवावा. अंधेरीच्या महापालिका संकुलातल्या छोट्या मैदानावर मुंबई सिटी अनेक हंगाम खेळला आहे. रिकाम्या तीस हजार खुर्च्याही ऊन-पावसात झिजतात आणि बदलाव्या लागतात.

आणि प्रेक्षक कुठे आहे तेही पाहावे. कोल्हापूरला राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने असतात तेव्हा गर्दी जमवायला कोणत्याही फ्रँचायझीची गरज पडत नाही. तिथे आयएसएलचा संघ नाही, पण पिढ्यानपिढ्यांचा प्रेक्षक आहे. चाळीस हजार आसनांच्या स्टेडियमच्या छतावर जाईल तेवढ्या पैशात निचऱ्याची, दिव्यांची आणि स्वच्छतागृहांची सोय असलेली किती मैदाने कोल्हापूर, पुणे, नागपूर आणि ठाणे जिल्ह्यांत होतील, याचा तुलनात्मक तक्ता प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावाला जोडावा, ही आमची तिसरी मागणी. वापरकराराच्या नमुना मसुद्यावर, खर्चाच्या अनुसूचीवर आणि मैदानाच्या चाचण्यांच्या यादीवर विभागाच्या अधिकाऱ्यांसोबत बसून काम करण्याची आमची तयारी आहे. बैठकीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपले,
क्रीडा मैदानांची बांधणी, देखभाल आणि हिशेब या कामांत असलेले महाराष्ट्रातील काही करदाते