आजोबांची वही आणि तुझं अ‍ॅप

प्रिय बाळा,

काल रात्री फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता म्हणून आज बागेत जायच्या आधीच लिहायला बसलो. आई म्हणाली फोनच कर की, पण फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि ठेवून देतोस, तर हे निवांत वाच.

आपल्या आंब्याच्या ऑर्डरींच्या अ‍ॅपसाठी तू एक्सएमएल (माहिती टॅगांमध्ये मांडायची पद्धत) लिहितोयस, त्याचा तू पाठवलेला स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. २२व्या ओळीत तू एक टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, उघडलायस तो बंदच केला नाहीस, आणि एरर दाखवतेय ४१व्या ओळीवर, म्हणून तू रात्रभर ४१वी ओळच चाचपत बसलास. एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम वरून खाली येतो, त्याला वाटतं आतलं अजून चालू आहे, आणि भलताच बंद करणारा टॅग समोर आला की तिथे अडतो. अशी चूक नेहमी वर शोध. आणि दुकानाच्या नावात तू 'आंबा & काजू' लिहिलंयस ना, ते & तसंच टाकलं की तिथेही अडणार, त्या चिन्हाला एक्सएमएलमध्ये वेगळा अर्थ आहे. सरळ 'आणि' लिही.

तू म्हणालास एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, असं सगळं चालून जायचं. जायचं, कारण ब्राऊझर अंदाजाने सांभाळून घेतो. १९९८ साली एक्सएमएल आलं तेव्हा मुद्दाम ठरवलं की अंदाज करायचा नाही, मांडणी मोडली की पुढचं काम थांबवायचं. मला हे बरोबर वाटतं, आणि का ते सांगतो. २००१ ला माझं सायबर कॅफे नवीन होतं, आपल्या हापूसच्या दरांचं पान मी नोटपॅडमध्ये हाताने बनवलेलं. शेवटी टेबल, म्हणजे तक्ता, बंद करायचा टॅग राहिला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडे दुसरा ब्राऊझर, त्याला पान कोरं. आठ दिवस मी ऑर्डरची वाट बघत होतो आणि तो समजत होता की यंदा आपल्याकडे माल नाही. तेव्हाच एरर आली असती तर दहा मिनिटांत सुटलो असतो.

आता अ‍ॅपचं. स्क्रीन आणि बटणं राहू देत, आधी आजोबांची वही आठव. एका पानावर एक गिऱ्हाईक, त्याच्या खाली पेट्या, पेटीपुढे डझन आणि दर, आणि हिशेब मिटला की खाली दोन रेघा. त्या दोन रेघा मारल्याशिवाय ते पुढचं पान उघडायचे नाहीत, मी कित्येकदा पाहिलंय. तीच वही अशी लिहून बघ:

<खाते>
  <नाव>दादरचे काका</नाव>
  <पत्ता>दादर</पत्ता>
  <पत्ता>पुणे</पत्ता>
  <पेटी डझन="५" फळ="पिकं"/>
  <पेटी डझन="४" फळ="कच्चं"/>
</खाते>

पत्ता मी वेगळा टॅग का केला बघ, तू तो अ‍ॅट्रिब्यूट केलायस, म्हणजे टॅगच्या आतच डझन="५" सारखा लिहिलायस. एका टॅगवर एकच अ‍ॅट्रिब्यूट दोनदा देता येत नाही, आणि काकांना अर्धा माल दादरला अर्धा पुण्याला लागतो. डझन मात्र एका पेटीला एकच, तो अ‍ॅट्रिब्यूट ठीक. असा विचार प्रत्येक गोष्टीला करायचा, यातच खरं शिकणं आहे, बटणाचा रंग काय नंतरही बदलता येतो.

आणि हो, टॅगची नावं मराठीत चालतात, वर लिहिलंय ते खरंखुरं एक्सएमएल आहे, फाईल फक्त यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह कर. तेव्हा कॅफेत लोक मराठी अर्ज टाईप करून न्यायचे आणि दुसरीकडे तो फॉन्ट नसला की नुसती अगम्य चिन्हं, बिचारे परत यायचे, मला फार वाईट वाटायचं. तुला ती कटकट नाही. अँड्रॉइडच्या लेआउटचे, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीच्या फाईलचे, टॅग इंग्रजीतच ठेवावे लागतात, पण स्क्रीनवरचे शब्द लेआउटमध्ये घुसडू नकोस, स्ट्रिंग्जच्या (शब्दांच्या) वेगळ्या फाईलमध्ये ठेव आणि मराठीसाठी व्हॅल्यूज-एमआर (values-mr) नावाचं फोल्डर कर. आईचा फोन मराठीत आहे, तिला आपोआप 'पेटी भरली' असं दिसेल, ऑर्डरी शेवटी तीच घेणार आहे.

तुझा मित्र म्हणतो आता कंपोज (अँड्रॉइडचे स्क्रीन कोडमध्येच बनवायची पद्धत) आलंय, एक्सएमएल कशाला. २०२१ पासून कंपोज आहे आणि तू तेही शीक, पण मॅनिफेस्ट, म्हणजे अँड्रॉइडला अ‍ॅपची ओळख सांगणारी फाईल, अजून एक्सएमएलच आहे, आणि डब्यात डबा कसा बसवायचा हे तिथेही सुटत नाही.

आज खालच्या कलमांवर झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) लावायचाय, ऊन चढायच्या आत निघतो. २२वी ओळ नीट करून रात्री फाईल पाठव, मी बघतो. मंगळवारच्या गाडीने ४ डझनाची पेटी ठेवतोय, अजून कच्चा आहे, पेंढ्यातून लगेच काढू नकोस.

तुझे बाबा