शिरोरेखा २५५

प्रिय बंड्या,

सहा महिने ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर तुझा हक्कच आहे. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, गुडघे कुरकुरतात. पण काल रात्री जे झालं ते घरात सांगितलं तर सगळ्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. म्हणून तुला लिहितोय.

वेम्बलीचं घर रिकामं करतोय. लॉफ्टमध्ये आकाशकंदिलांच्या खोक्यामागे आपला ॲमस्ट्रॅड ६६४ कॉम्प्युटर सापडला! कळा अजून निळ्या. मॉनिटरच्या विजेच्या दोन्ही वायरी जोडल्या, पाच व्होल्टची आणि ड्राइव्हची बारा व्होल्टची, आणि हिरव्या अक्षरांत "रेडी" उमटलं. मला खाली बसावं लागलं रे.

ड्राइव्ह मात्र फिरेना. उघडून बघतो तर रबरी पट्टा वितळून पुलीला काकवीसारखा चिकटलेला. स्पिरिटच्या बोळ्यांनी दोन संध्याकाळी पुसत बसलो. नवा पट्टा मागवला, तो काल आला. मग आपली डिस्क घातली. तीच तीन इंची, कडक कवचाची, लेबलवर दादाचं अक्षर. पहिली बाजू सुरळीत वाचली. उलटी करून घातली, तर "ड्राइव्ह ए: रीड फेल. रीट्राय, इग्नोर ऑर कॅन्सल?"

तीनदा 'आर' दाबला. चौथ्यांदा हात मागे घेतला.

त्या बाजूला आपली अक्षरं आहेत, बंड्या. आलेखाच्या वहीत आठ बाय आठ चौकोन भरायचे, एकेका ओळीचा आकडा काढायचा आणि बेसिकमधल्या 'सिम्बॉल' या आज्ञेत ते आठ आकडे टाकायचे. शिरोरेखा म्हणजे २५५, आठही ठिपके पेटलेले, म्हणून शेजारची अक्षरं आपोआप जोडली जायची. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तू पलंगावर उड्या मारल्या होत्यास. "महाराष्ट्र मंडळ" लिहायचं होतं आणि 'ष्ट्र'नं तुझे तीन दिवस खाल्ले. शेवटी दोन चौकोन देऊनही तो झुरळासारखाच दिसत होता. पण 'ळ' दादानं काढला. एका बैठकीत, पेन्सिल न उचलता. बाकीची अक्षरं आज पुन्हा बसवता येतील. तो 'ळ' मला आठवत नाही. काल रात्री कागदावर अकरा वेळा काढून पाहिला, दादाचा येत नाही.

आता काय करू? डिस्कवरचा थर सुटत असेल तर प्रत्येक फेरीत हेड तो आणखी खरवडणार. चौथ्या वेळी वाचली जाईल, किंवा त्याच फेरीत कायमची जाईल. जाणकाराकडे पाठवावी तर पोस्टात टाकायला हात धजत नाही. तशीच ठेवली तर तरी कुठे टिकणार आहे?

आणि ती वही तुझ्याकडे आहे. भांडून नेली होतीस. ६६४ एप्रिल १९८५ मध्ये बाजारात आला आणि वर्ष सरायच्या आत बंदही झाला. तुमच्याकडे त्याच्या जागी निघालेला ६१२८ आला, मेमरी दुप्पट, किंमत आमच्या ३३९ पौंडांऐवजी २९९. तू दारातूनच ओरडलास, "काका, फसलात!" बाबा काही बोलले नाहीत. पावती घडी करून पाकिटात ठेवली. ती पावती परवा त्यांच्या कपाटात मिळाली, घड्यांवर फाटलेली. तुझं ते वाक्य मला अजून लागतं, खोटं कशाला बोलू. पण अक्षरं माझ्या ६४ केबी मेमरीवरच जन्मली, तुझ्या १२८वर नाही, हे तेव्हा म्हणायचं राहिलं.

लेकीच्या पीएचडीचं कळलं, फार आनंद झाला. पेढे उधार. वहिनींना नमस्कार. बिल्डिंग पाडायची तारीख ठरली का? त्याआधी माळा बघ. वही सापडली तर आधी 'ळ'चं पान काढ आणि आठ आकडे फोनवर वाचून दाखव, कितीही वाजलेले असोत. तोवर मी 'आर' दाबत नाही.

तुझाच,
भाऊ