ग्राफीन पाण्यात टिकतं कसं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ग्राफीनवरचा, म्हणजे ग्रॅफाइटच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यावरचा, लेख वाचला. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ज्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून ते सोललं ती आली, २०१०चं नोबेल आलं, पोलादाहून कणखर वगैरे सगळं आलं. पण रंगात किंवा शाईत घालायचं तर ग्राफीन आधी द्रवात पसरून राहायला हवं, आणि खरी मारामारी तिथेच आहे. त्यावर अवाक्षर नाही. माझी उभी नोकरी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पाण्यावरचे रंग बनवण्यात गेली, म्हणून हे पत्र.

ग्राफीनला पाण्याचं वावडं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आवळून धरणारी ओढ, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर; ग्राफीनला मानवणारे द्रव ४०च्या आसपासचे. ढवळणं थांबलं की पापुद्रे परत एकमेकांना चिकटतात आणि तळाशी काळा गाळ धरतो. एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये ते बरे राहतात, पण ते २०० अंशांच्या वर उकळतं, म्हणजे उडवायला कठीण, शिवाय गर्भाला घातक. मग पाण्यातच सोडियम कोलेटसारखं, म्हणजे पित्तातल्या लवणाच्या जातीचं द्रव्य घालतात. ते पापुद्र्यांवर बसून त्यांना ऋणभार देतं आणि पापुद्रे एकमेकांना लांब ठेवतात. २०१४मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या कोलमन यांच्या गटाने तर ग्रॅफाइट, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवून ग्राफीन सोडवून दाखवलं. (घरी करू नये, मिक्सर बायकोचा असतो.) तरी मेख उरतेच. पाणी वाळल्यावर तेच साबणी द्रव्य पापुद्र्यांच्या मध्ये राहतं आणि वीज अडवतं. धुऊन काढायला जावं तर पुन्हा गुठळ्या.

मध्यंतरी सोसायटीत एक मुलगा गाडीसाठी 'ग्राफीन कोटिंग' विकायला आला. बाटली उजेडात धरली, तर आत कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. ग्राफीन काळं दिसतं, असं तपकिरी असतं ते ग्राफीन ऑक्साइड. त्याला ऑक्सिजनचे गट चिकटलेले असल्यामुळे ते पाण्यात मजेत राहतं, पण वीज जवळपास वाहून नेत नाही. विचारलं, यातलं कुठलं? "काका, बधुं एक ज!" (सगळं एकच!) लेबलावर थर किती, एका मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅम किती, टिकवायला काय घातलंय, यातलं काहीच नव्हतं. किंमत मात्र ठळक.

पुढचा लेख लिहाल तेव्हा हे आकडे कसे वाचायचे ते द्यावं. इथल्या छोट्या रंगवाल्यांकडेही अशा बाटल्या घेऊन लोक फिरतात.

आपला,
एक निवृत्त रंग-रसायनज्ञ
दांडिया बाजार, बडोदे