मापुतोतील लोखंडी घर आयफेलचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मोझांबिकवरच्या प्रवासलेखात राजधानी मापुतोतील 'काझा द फेर्रू' या लोखंडी घराचे श्रेय पॅरिसच्या आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेल यांना दिले आहे. लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही, बहुतेक पर्यटन पुस्तिका हेच छापतात. पण घर बेल्जियन अभियंता जोसेफ दांली यांच्या पद्धतीचे आहे आणि ही दुरुस्ती नुसती नावापुरती नाही. आयफेलच्या शोधात गेलेला माणूस जाळीदार तुळया आणि रिव्हेटच्या रांगा शोधतो, त्या नाहीत म्हणून एक फोटो काढतो आणि पाच मिनिटांत चालू लागतो. तिथे पाहण्यासारखे जे आहे ते पत्र्यात आहे.

बेल्जियममधील शार्लरुआ शहराजवळ एझो गावी या पद्धतीचा पोलाद कारखाना होता. तिथे पत्रा साच्यात दाबून त्यावर चौकोनी उठाव काढत. ती नक्षी शोभेची वाटते, पण तिचे खरे काम ताठपणा देण्याचे. सपाट पातळ पत्रा वाऱ्याने लपलपतो; उठाव दिला की तोच पत्रा भिंत म्हणून उभा राहतो. वर जस्ताचा मुलामा, कडांना भोके, जोडणी बोल्टने. भिंत दुहेरी असते: बाहेर एक पत्रा, आत एक, मध्ये हवेची पोकळी. पोकळीत खालून हवा शिरावी, तापून वर चढावी आणि बाहेर पडावी, हा हिशेब. सुटे भाग जहाजाने पाठवायचे आणि जागेवर जोडायचे. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथली पत्र्याची शाळा याच कारखान्यातून गेली.

मापुतोचे घर १८९२ चे. तेव्हा शहराचे नाव लोरेन्सु मार्किश होते आणि ते राजधानीही नव्हते. घर गव्हर्नरच्या निवासासाठी मागवले होते, पण उकाड्यामुळे तो बेत फसला. आपल्या लेखात 'लोखंड तापते म्हणून' एवढेच कारण दिले आहे, ते अपुरे आहे. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला ७.८५ किलो भरते. नऊ इंची विटांच्या भिंतीचे चारशे किलोच्या आसपास. विटा सकाळपासून ऊन पोटात साठवतात आणि आतली बाजू तापायला संध्याकाळ होते. पत्र्याला साठवायला जागाच नाही, तो काही मिनिटांत तापतो. पोकळी असूनही फारसा फरक पडत नाही, कारण तापलेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याकडे उष्णता किरणांनी फेकतो आणि किरणांना हवा अडवत नाही. नव्या चकचकीत जस्तातून असे उत्सर्जन कमी होते; जस्त काळवंडले किंवा रंग चढला की कितीतरी वाढते. शिवाय पोकळीची वरची-खालची तोंडे धूळ, रंगाचे थर किंवा पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजली की आतली हवा जागीच कोंडते. अशा घराचा एकच गुण, रात्री ते झटकन निवते.

घर आज समोरा माशेल मार्गावर, तुंदुरू उद्यानाला लागून, स्वातंत्र्य चौकापासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. ही त्याची मूळ जागा नव्हे. १९७० च्या दशकात ते सोडवून इथे आणून पुन्हा जोडले. बोल्टची जोडणी होती म्हणून हे जमले. विटांच्या बंगल्याचे असे करता येत नाही. त्यामुळे आजची दिशा पाहून 'गव्हर्नरची खोली पश्चिमेला होती' वगैरे तर्क करू नयेत.

पाहताना आधी दिशा सुधारून घ्यावी. मापुतो विषुववृत्ताच्या २६ अंश दक्षिणेला आहे, तेव्हा दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. आपल्या सवयीने दक्षिणेची भिंत उन्हाची धरली तर फसगत होते. पत्र्यावरचा उठाव तिरप्या उन्हातच नीट दिसतो, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी तीननंतर जावे. जून ते ऑगस्ट हवा कोरडी आणि सुखाची असते. (घर का नापास झाले हे अंगावर घ्यायचे असेल तर जानेवारीची दुपार निवडावी.)

मग जोड पाहावेत. पोलाद दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढते; दहा मीटर लांबीची भिंत तीस अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरहून थोडी अधिक ताणते आणि रात्री परत आखडते. वर्षानुवर्षे हे चालले की बोल्ट सैल होतात, फट पडते, पाणी शिरते. दोन पत्र्यांच्या मधल्या चिमटीत अडकलेले खारट पाणी वाळत नाही, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने कडा फुगून वर येतात. म्हणून गंज मोकळ्या भागापेक्षा आधी कडांना आणि जमिनीलगत शोधावा. रंगाचे पापुद्रे दिसले तर तो केवळ दुर्लक्षाचा पुरावा मानू नये. जस्तावर थेट तेलरंग दिला की दोघांच्या संयोगाने मधल्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. आधी जस्ताला चालणारा प्रायमर हवा. वाळूचा जोराचा मारा करून साफसफाई करणे त्याहून वाईट: जस्तही जाते आणि पातळ पत्रा पोचे घेतो.

आत अनेक वर्षे सांस्कृतिक वारशाशी संबंधित सरकारी कचेरी आहे, संग्रहालयासारखी तिकीट खिडकी नाही. तिथल्या सरकारी कचेऱ्या साधारण साडेसात ते साडेतीन चालतात, शनिवार-रविवार बंद. दारात पोर्तुगीजमध्ये नम्रपणे विचारावे. तळमजल्यापलीकडे सोडतीलच असे नाही. पासपोर्ट किंवा त्याची साक्षांकित प्रत जवळ ठेवावी, रस्त्यात पोलीस मागतात. पोलीस, लष्कर आणि अध्यक्षीय इमारतींकडे कॅमेरा वळवू नये. रेल्वे स्टेशनकडून यायचे तर चालण्याजोगे अंतर आहे. रिक्षा घेतली, तिला तिथे चोपेला म्हणतात, तर बसण्याआधी भाडे ठरवावे.

मुंबईच्या वाचकाला तुलनेसाठी काळा घोड्याचे वॉटसन्स हॉटेल आहे. तेही सुट्या भागांत इंग्लंडहून आले, पण तिथे बिडाचा सांगाडा भार घेतो आणि मधली जागा विटांनी भरली आहे. मापुतोत उष्णतेला अडवायला विटाच नाहीत.

त्याच लेखात मापुतोच्या रेल्वे स्टेशनचा घुमटही आयफेलच्या नावावर घातला आहे. स्टेशन १९०८ ते १९१६ दरम्यान बांधले गेले. आयफेल मात्र पनामा कालव्याच्या कंत्राटातील गैरव्यवहाराच्या प्रकरणानंतर, १८९३ मध्येच, बांधकामाच्या धंद्यातून बाहेर पडले होते. ऑनलाइन आवृत्तीत दोन्ही छायाचित्रांच्या ओळी दुरुस्त कराव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे