बाबा, एवढ्यात इसार देऊ नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हिंगणघाटचे ते व्यापारी त्यांच्या मसाल्याचं नाव अडीच लाखांत विकतात आणि तुम्हाला ते पसंत आहे, हे दादाकडून कळलं. फोनवर आपलं बोलणं होत नाही, तुमचा आवाज चढतो नि माझाही. म्हणून लिहून पाठवते. आईला वाचून दाखवा, हळद तिची आहे.

नोंदलेलं नाव, म्हणजे ट्रेडमार्क, विकत घेता येते, त्यात गैर काही नाही. पण बैल घेताना तुम्ही दात पाहता, मग इथं काऊन नाही? नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करावं लागते. ते त्यांनी केलं का? नोंदणी मालाच्या कोणत्या वर्गात आहे? हळद, तिखट, मसाले तिसाव्या वर्गात येतात, लोणचं एकोणतिसाव्यात. आणि मुख्य गोष्ट, त्यांचं पाकीट मी तरी किती वर्षांत दुकानात पाहिलं नाही. सलग पाच वर्षं नाव वापरलं नाही, तर ज्याचं त्यामुळं अडते असा कोणीही ते नोंदवहीतून काढायचा अर्ज करू शकते. अडीच लाख देऊन असं नाव गळ्यात कशाला घ्यायचं? समुद्रपूरच्या बाजारात त्यांना ओळखतं तरी कोण? लोक आईला ओळखतात.

दादाचं दुसरंच, त्याला ‘वायगाव हळद’ असंच नाव नोंदवायचं आहे. ते आपल्या एकट्याच्या नावावर होणार नाही. वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या भागातल्या सगळ्या कास्तकारांचं आहे. आपलं वावर त्या भागात असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपण नाव नोंदवू शकतो आणि पाकिटावर तसं लिहू शकतो. तेही करूच, पण तो कागद वेगळा. ‘शुद्ध हळद’, ‘अस्सल हळद’ हेही चालत नाही. मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नाकारतात.

माझ्या मते ‘गंगूआजी’च नोंदवावं. बाजारात बाया तेच मागतात आणि आईनं छापलेल्या पहिल्या पाकिटावरही तेच होतं. सरकारी संकेतस्थळावर फुकटात शोधता येते. तिसाव्या वर्गात हुबेहूब काही दिसलं नाही, सारखा उच्चार असलेली नावं वकिलाकडून तपासून घेऊ. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीच्या नावानं एका वर्गाला 4,500 रुपये, कंपनीच्या नावानं केला तर साधारण 9,000. वकिलाचे वेगळे. लोणचं सध्या सोडून देऊ, आधी हळद-तिखटाचा एकच वर्ग.

अर्ज आईच्या नावानं करायचा, माझा हट्ट समजा. बाबा, तुम्ही हसाल, पण सातबारा तुमच्या नावानं आहे, बँकेतलं खातं तुमचं आहे, गिरणीचं बिलसुद्धा तुमच्या नावानं निघते. हळद उकळते कोण, वाळवते कोण, उन्हात बसून निवडते कोण? पुढं दादानं धंदा वाढवला तर नाव रीतसर त्याच्या नावावर करून देता येईल.

वेळ लागेल, त्याची घाई करू नका. अर्ज तपासतात, हरकत काढली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागते. मग नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापतात, त्यानंतर चार महिन्यांत कोणीही विरोध करू शकते. तोवर पाकिटावर ‘टीएम’ (म्हणजे ट्रेडमार्क) लिहायला हरकत नाही. पण वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच. आधीच छापला तर दंड बसू शकतो, छापखानेवाल्याला ठासून सांगा. तो सगळ्यांच्या पाकिटावर ते चिन्ह उगाच टाकतो.

आई, तुझी हिशोबाची जुनी वही आणि पहिल्या पाकिटांचं छपाईचं बिल शोधून ठेव. आपण हे नाव कधीपासून वापरतो, हे त्यातूनच दाखवता येईल. गोठ्यावरच्या पेटीत असेल तर उंदरांपासून आधी वाचव. तुझ्या आधार कार्डाचा आणि सहीचा फोटो दादाला पाठवायला सांग.

व्यापारी घरी आलेच तर चहा पाजा, ‘पोरीला विचारून सांगतो’ म्हणा. इसार मात्र देऊ नका.

तुमची,
माया