टाकीसाठी शीट घेण्याआधी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, माशांच्या टाकीला ३ एमएमची अ‍ॅक्रिलिक शीट स्वस्त पडते, तीच घेऊ का?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून घाईत फोन ठेवला. आता शटर ओढलंय, सविस्तर लिहिते.

३ एमएम घेऊ नकोस. पाणी किती उंच उभं आहे त्यावर दाब ठरतो, टाकीच्या लांबीवर नाही. तुझं माप ४५ बाय ३० आणि उंची ३० सेंमी. काठोकाठ भरलीस तर समोरच्या शीटवर साधारण २० किलोचा रेटा येतो, आणि तो रात्रंदिवस. काच तो ताठ राहून सोसते, अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी पारदर्शक प्लास्टिकच, ते वाकतं. ३ च्या जागी ६ एमएम घेतलीस तर जाडी दुप्पट, पण ताठपणा आठपट होतो. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

तू सहा वर्षांचा असताना मी दुकानातल्या उरलेल्या ३ एमएमच्या तुकड्यांची टाकी केली होती, आठवते? दुसऱ्याच दिवशी तिला पोट सुटलं होतं. मला ते दिसत होतं, पण तू इतका खूश होतास की मी टाकी रिकामी केली नाही. रात्री कोपऱ्याचा जोड उकलला. तू अनवाणी ओल्या फरशीवर उभा, आणि बाबा स्टीलच्या तांब्यात मासे गोळा करत होते. दोन वाचले नाहीत. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून इतकं सांगते.

तुला फायटर मासाच ठेवायचा आहे ना? मग उंची कमी कर. तो पाण्यावर येऊन हवा घेतो, त्याला खोल पाण्यापेक्षा पसरट टाकी बरी. २० सेंमी उंचीला ५ एमएम पुरते. वरच्या काठाला आतून चारी बाजूंनी दोन बोटं रुंद पट्टी जोड, म्हणजे कड बाहेर झुकत नाही. फायटर उडी मारतो, म्हणून झाकण हवंच, पण ते अ‍ॅक्रिलिकचं करू नकोस. खालच्या बाजूने ओल धरून ते वाटीसारखं वाकतं. जाळी लाव.

शीट 'कास्ट' म्हणजे साच्यात ओतलेली माग, 'एक्सट्रूडेड' म्हणजे मशीनमधून दाबून काढलेली नको. कापून बघितल्यावर फरक कळतो. कास्टचा कोरडा भुसा पडतो, एक्सट्रूडेड पात्याच्या गरमीने वितळून चिकटतं आणि जोडताना लवकर तडकतं. कास्ट शीट एका कोपऱ्यात किंचित जाड, दुसऱ्यात पातळ निघते, म्हणून जाडी मोजायचा व्हर्निअर चारी कडांना लाव. कड उजेडात धरून बघ. पिवळट दिसली तर ठेवून दे.

लेझरने कापून घ्यायचा मोह होईल, कारण कड आरशासारखी निघते. आमच्या दुकानातल्या नावाच्या पाट्यांना ते ठीक आहे. टाकीला नाही. लेझरच्या गरमीने कडेत ताण राहतो आणि शीट जोडायचा क्लोरोफॉर्म लागला की केसासारख्या बारीक चिरा धावतात. करवतीने कापून घे. मग हॅक्सॉ ब्लेडची पाठ कडेवरून ओढत राहा. पांढरी सालं निघतील. करवतीच्या खुणा जाऊन कड सपाट झाली की थांब.

मत्स्यालयाच्या दुकानात सिलिकॉन लाव म्हणतील. ते काचेसाठी. अ‍ॅक्रिलिकवर त्याची पकड बसत नाही, काही दिवसांनी साल निघावी तसं सुटतं. इथे जोड म्हणजे दोन्ही कडा विरघळून एकजीव व्हायला हव्यात. दोन शीटच्या मध्ये बारीक तारेचे तुकडे ठेव, इंजेक्शनच्या सुईने क्लोरोफॉर्म फटीत सोड. तो आपोआप आत धावतो. अर्धा-एक मिनिट थांबून तारा ओढून घे, शीट आपल्या वजनाने बसू दे. दाबू नकोस, दाबलंस की रस बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. चांगला जोड पाण्यासारखा नितळ दिसतो, बुडबुडे दिसले तर तो कच्चा. खिडक्या उघड्या ठेव बाळा, पंखा चालू ठेव, वाफ नाकात घेऊ नकोस. हे काम रूममध्ये रात्री अजिबात करायचं नाही.

दोन-तीन दिवस तसंच राहू दे. मग मोरीत ठेवून पाण्याने भर आणि दोन दिवस बघ. मासा त्यानंतर आण.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय २०१५ साली नव्याने उघडल्यावर आपण गेलो होतो. त्या अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्याला तू दोन्ही तळवे टेकवून उभा होतास, मागची माणसं खोळंबली तरी हलेनास. काल फोनवर तुझ्या आवाजात तेच ऐकलं. म्हणून शीट मीच देते. दुकानात ५ एमएम कास्टचा चांगला मोठा तुकडा आहे, कापून, कडा घासून पाठवते. मापं लिहून पाठव, आणि ती आतली की बाहेरची ते नक्की लिही. ५ एमएमच्या शीटमध्ये दोन बाजू मिळून एक सेंमीचा फरक पडतो.

तुझी,
आई